रोमहून करिंथला गेलेले पत्र

आमच्या घरात दोन मंडळ्यांची, म्हणजे दोन ख्रिस्ती पंथांची, माणसे आहेत. बाबा हयातभर आमच्या लहानशा प्रॉटेस्टंट मंडळीचे एक ‘वडील’, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, होते. आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, लग्न होऊन कॅथलिक घरात गेली आणि गेली पन्नास वर्षे ती नेमाने मिस्सेला जाते. मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी असल्यामुळे नाताळ, बारसे, मयत हे सगळे आम्ही एकत्रच करत आलो. फक्त एका विषयावर दोन्ही घरे गप्प बसत, आणि तो विषय म्हणजे पोप, रोमचा बिशप. प्रभू येशूने आपला शिष्य पेत्र याला दिलेल्या स्वर्गराज्याच्या किल्ल्या पेत्रापुरत्याच होत्या की त्या रोमच्या बिशपांकडे वारशाने आल्या, हा प्रश्न निघाला की मावसा पानाचा डबा पुढे ओढत आणि बाबा विहिरीवरच्या मोटारीची गोष्ट काढत.

यंदा माझ्या भाच्याची सोयरीक कॅथलिक घरात जुळली आणि तो जुना विषय पुन्हा उघडला. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन्हीकडच्या तरुण मुलांनी प्राचीन मंडळीतल्या लेखकांची वचने पाठवायला सुरुवात केली. एका यादीत पोपच्या अधिकाराच्या बाजूची, दुसरीत त्याच्या विरोधातली. मी दोन्ही याद्या वहीत उतरवून घेतल्या, तेव्हा लक्षात आले की नावे बहुतेक तीच आहेत: क्लेमेंत, इग्नेशियस, आयरेनियस, सिप्रियन. एकच साक्षीदार दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने उभा केला होता आणि त्याची साक्ष कोणीच पुरती ऐकून घेतली नव्हती. म्हणून मी या लेखनाची भाषांतरे मोर्शीहून छापून आणली, आणि आंबिया बहाराला पाणी द्यायच्या दिवसांत, विजेची पाळी रात्रीची असल्यामुळे, विहिरीवरच्या खोपडीत बल्बखाली बसून ती पहिल्या ओळीपासून वाचली. एकाच वाक्याची दोन-तीन भाषांतरे शेजारी ठेवली की मूळ शब्द नेमका कुठे अडतो ते कळते.

सर्वांत जास्त रात्री पहिल्याच पत्रावर गेल्या. साधारणपणे इसवी सन ९६ च्या सुमारास लिहिलेले हे पत्र ‘क्लेमेंतचे पहिले पत्र’ म्हणून ओळखले जाते, परंतु रोमचा आरंभीचा बिशप मानल्या जाणाऱ्या क्लेमेंतचे नाव त्यात एकदाही येत नाही. रोममध्ये परकी म्हणून राहणारी देवाची मंडळी करिंथमध्ये परकी म्हणून राहणाऱ्या देवाच्या मंडळीला लिहीत आहे, अशी त्याची सुरुवात आहे, आणि पुढे सर्वत्र ‘आम्ही’ हाच कर्ता आहे. हे पत्र युरोपात पुष्कळ काळ अपुऱ्या स्वरूपातच माहीत होते, कारण ज्या जुन्या हस्तलिखितावरून ते १६३३ साली छापले गेले त्यात शेवटाकडचे एक पान गहाळ होते; पूर्ण ग्रीक पाठ १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये फिलोथियस ब्रायेनियस यांना १०५६ साली नकललेल्या एका हस्तलिखितात मिळाला आणि १८७५ साली तो प्रसिद्ध झाला.

प्रसंग असा होता की ग्रीसमधल्या करिंथ नगरातल्या मंडळीत काही जणांनी उठाव करून आपल्या वडीलजनांना पदावरून काढले होते. रोमच्या मंडळीने लिहिले की प्रेषितांना, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांना, या पदावरून तंटे होणार हे आधीच ठाऊक होते, म्हणून त्यांनी नेमलेली माणसे निजधामास गेल्यावर दुसऱ्या पारखलेल्या माणसांनी ती सेवा चालवावी अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली. आणि ज्यांची नेमणूक सगळ्या मंडळीच्या संमतीने झाली व ज्यांनी निर्दोषपणे सेवा केली, त्यांना दूर करणे न्यायाचे नाही. हे वाचताना मला माझे लहानपण आठवले. बाबांच्या वेळी एका मंडळीत दोन वडिलांना असेच एका सभेत हात वर करून काढले गेले होते आणि शेजारच्या मंडळीतले तीन म्हातारे एसटीने येऊन आमच्या ओसरीवर दोन रात्री राहिले होते. त्यांच्याकडे काढण्याचा किंवा ठेवण्याचा अधिकार नव्हता, तरी गावातला एकही माणूस त्यांच्यासमोर मोठ्याने बोलला नाही.

मावशीला मी या पत्राचा गोषवारा सांगितला, तेव्हा तिने थेट प्रश्न केला, “मंग थे हुकूम होय का सल्ला?” साऱ्या वादाचे मूळ या प्रश्नात आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पत्राचा बराचसा भाग विनवणीचा आहे. काइन आणि हाबेलपासून दाविदापर्यंतचे दाखले देत मत्सराने काय काय झाले ते सांगितले आहे, प्रेषित पौलाने तुम्हाला लिहिलेले पत्र पुन्हा हातात घेऊन वाचा असे म्हटले आहे, आणि एका ठिकाणी तर असे सुचवले आहे की तुमच्यात जो उदार मनाचा असेल त्याने म्हणावे, माझ्यामुळे तंटा होत असेल तर मीच निघून जातो. पण त्याच पत्रात एकोणसाठाव्या अध्यायात, त्याने, म्हणजे देवाने, आमच्याद्वारे जे सांगितले आहे ते जे मानणार नाहीत ते स्वतःला लहानसहान नव्हे अशा धोक्यात घालतील, असेही वाक्य आहे, आणि पुढे आम्ही पवित्र आत्म्याच्या द्वारे लिहिले आहे असा दावा आहे. आमच्या बाजूची मुले हे वाक्य पाठवत नाहीत. दुसऱ्या बाजूची मुले एवढेच वाक्य पाठवतात, पण ते बोलणारा ‘आम्ही’ आहे, ‘मी’ नाही, हे सांगत नाहीत.

पहिल्याच अध्यायात आणखी एक बारीक जागा आहे. आमच्यावर एकामागून एक अचानक संकटे आल्यामुळे तुमच्याकडे लक्ष द्यायला उशीर झाला, असे म्हणताना पत्रात जो शब्द आला आहे त्याचे भाषांतर काही जण ‘तुम्ही विचारलेल्या गोष्टी’ असे करतात आणि काही जण ‘तुमच्यात वादात असलेल्या गोष्टी’ असे करतात. पहिले खरे मानले तर करिंथने रोमकडे दाद मागितली होती, दुसरे मानले तर रोमने आपणहून लिहिले. दोन्ही अर्थ शक्य आहेत. एवढ्या अडखळत्या शब्दावर संपूर्ण अधिकाराची इमारत उभी करू नये, असे माझे मत आहे. पण उशीर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणारी मंडळी आपल्याला लिहिण्याचा हक्क आहे की नाही याबद्दल जराही संकोच दाखवत नाही, हेही तितकेच खरे आहे.

मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणाऱ्याला या पत्रात एक गोष्ट चटकन दिसते. आपल्या शास्त्रात ज्याला ‘अध्यक्ष’ (पुढे ज्याला बिशप म्हणू लागले) म्हटले आहे आणि ज्याला ‘वडील’ म्हटले आहे, ते या पत्रात एकाच पदाचे दोन शब्द असल्यासारखे येतात. अध्यक्ष हे अनेकवचनी आहेत, म्हणजे मंडळीवर एकच बिशप असल्याचे दिसत नाही. रोममध्येच लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या दुसऱ्या शतकातल्या ग्रंथातही मंडळीवर देखरेख करणारे वडील अनेकवचनीच आहेत, आणि तिथे क्लेमेंत नावाच्या एका माणसाकडे काम आहे ते बाहेरच्या नगरांना लिखाण पाठवण्याचे. तो क्लेमेंत हाच असेल, तर या पत्रावर त्याचे नाव का पडले आणि आत का पडले नाही, या दोन्हींचा उलगडा होतो.

इग्नेशियस हा सीरियातल्या अंत्युखियाचा बिशप. त्याला रोमकडे शिपायांच्या पहाऱ्यात नेले जात असताना, दुसऱ्या शतकाच्या आरंभी, त्याने सात पत्रे लिहिली. एक बिशप, त्याच्याभोवती वडीलजन, त्यांच्याखाली सेवक, ही रचना तो इतर पत्रांत परत परत सांगतो, बिशपाशिवाय काही करू नका असे बजावतो; फक्त रोमला लिहिलेल्या पत्रात तो रोमच्या बिशपाचा उल्लेखही करत नाही. मात्र त्याच पत्रात रोमच्या मंडळीला तो प्रीतीत अग्रस्थानी असलेली म्हणतो, तुम्ही इतरांना शिकवले आहे असे म्हणतो, आणि पेत्र व पौल यांच्याप्रमाणे मी तुम्हाला आज्ञा करत नाही, असे लिहितो. अशी आदराची भाषा तो इतर कोणाबद्दल वापरत नाही. ‘रोम ही इतर मंडळ्यांसारखी एक मंडळी होती’ असे बाबा म्हणत असत. हे पत्र वाचल्यावर मला ते म्हणता येत नाही.

लियोंचा बिशप आयरेनियस याच्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याच्या एका वाक्यावर दोन्हीकडून इतके लिहिले गेले आहे की मूळ वाक्यच त्याखाली दबून गेले. १८० च्या सुमारास त्याने पाखंडांविरुद्ध जो ग्रंथ लिहिला, त्यात प्रेषितांची शिकवण कुठे टिकली आहे ते दाखवण्यासाठी तो म्हणतो की सगळ्या मंडळ्यांची वंशावळ देणे लांबेल, म्हणून पेत्र व पौल यांनी स्थापलेल्या रोमच्या मंडळीची देतो. आणि मग लीनपासून एलेउथेरसपर्यंत बारा नावे मोजतो. प्रेषितांनी अध्यक्षपद लीनला सोपवले, असे तो म्हणतो, म्हणजे पेत्र स्वतः त्या मोजणीत नाही. या मंडळीशी प्रत्येक मंडळीने ‘जुळणे’ आवश्यक आहे की ‘येऊन मिळणे’ आवश्यक आहे, हा वाद लॅटिन भाषांतरातल्या एका क्रियापदावर आहे, कारण त्या जागेचा ग्रीक मूळ पाठ हरवला आहे. पण लगेच पुढे तो स्मुर्णा आणि इफिस या मंडळ्यांनाही साक्षीला बोलावतो, आणि ते पुढचे परिच्छेद आमच्या गटावर कोणीच पाठवले नव्हते.

याच आयरेनियसचा दुसरा प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो. आशिया प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) मंडळ्या यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवशी, म्हणजे निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला, वार कोणताही असो, ईस्टरचा सण पाळत; रोम आणि इतर पुष्कळ मंडळ्या रविवारीच पाळत. १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याने या प्रश्नावर जागोजागी सभा भरवायला लावल्या. इफिसच्या पोलिक्रेटीसने उत्तर लिहिले ते वाचताना आमच्याकडचा एखादा वयोवृद्ध पाटील डोळ्यांपुढे येतो: माझ्या नात्यातले सात जण बिशप होते आणि मी आठवा आहे, प्रभूमध्ये मला पासष्ट वर्षे झाली आहेत, धमक्यांनी मी घाबरत नाही, कारण माझ्याहून थोर असलेले सांगून गेले आहेत की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. व्हिक्टरने मग आशियाच्या साऱ्या मंडळ्यांना सहभागितेतून तोडण्याचा प्रयत्न केला. चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस याने आपल्या इतिहासात नोंदवले आहे की हे सर्व बिशपांना रुचले नाही आणि काहींनी व्हिक्टरला बरेच कडक शब्द लिहिले. त्यांत आयरेनियस होता, जो स्वतः रविवारच्याच बाजूचा होता.

आयरेनियसने व्हिक्टरला जुनी आठवण करून दिली. स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमला आला होता, तेव्हा तिथला बिशप अनिसेटस याला तो पटवू शकला नाही, आणि अनिसेटसही त्याला पटवू शकला नाही. तरीही अनिसेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी आदराने पॉलिकार्पच्या हाती दिला आणि दोघे शांतीने निरोप घेऊन वेगळे झाले. कॅथलिक अभ्यासक म्हणतात की व्हिक्टरला मंडळ्या तोडण्याचा अधिकारच नाही असे कोणी म्हटले नाही, फक्त तो वापरू नये असे म्हटले. आणि उपलब्ध मजकुरापुरते ते बरोबर आहे. माझे उत्तर एवढेच आहे की ज्या अधिकाराची आज्ञा ऐकली जात नाही आणि ज्याला खालून वरून सगळे समजावतात, तो अधिकार १८७० साली व्हॅटिकनच्या परिषदेत पोपच्या ज्या अधिकाराची व्याख्या झाली तो नव्हे.

सिप्रियनपाशी मला आमच्या शेजारच्या रिद्धपूरने, महानुभाव पंथाच्या तीर्थस्थानाने, मदत केली. सिप्रियन हा उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप. २५१ साली त्याने मंडळीच्या ऐक्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या चौथ्या अध्यायाचे दोन पाठ हस्तलिखितांत सापडतात. एका पाठात इतर प्रेषित पेत्रासारखेच होते, पण प्राथम्य पेत्राला दिले गेले, आणि पेत्राचे आसन जो सोडतो तो मंडळीत राहिला आहे काय, असे शब्द आहेत. दुसऱ्या पाठात ते शब्द नाहीत, आणि सर्व प्रेषितांना सारखाच मान व सारखीच सत्ता होती, फक्त आरंभ एकापासून झाला, यावर भर आहे. आमच्या बाजूच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पहिला पाठ कोणीतरी नंतर घुसडलेला आहे असे मानले. तिथले एक महानुभाव गृहस्थ माझे मित्र आहेत. त्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही. म्हाइंभटांनी गोळा केलेल्या चक्रधरस्वामींच्या लीळांची मूळ प्रत गेल्यावर अनुयायांनी त्या आठवणीतून पुन्हा जुळवल्या, आणि ज्याला जे जसे आठवले ते खोडून न टाकता ‘वासना’ म्हणून शेजारी नोंदवून ठेवले. पोथीतल्या त्या नोंदींवर बोट ठेवून ते म्हणाले की दोन पाठ दिसले म्हणजे एक खोटाच, असे धरून वाचायला बसू नये.

विसाव्या शतकात मॉरिस बेवेनो या जेझुइट (एका कॅथलिक संन्यासी संघातल्या) अभ्यासकाने हस्तलिखितांचा कसून अभ्यास करून दाखवले की दोन्ही पाठ सिप्रियनच्याच हातचे असू शकतात: पहिला आधी लिहिलेला, आणि रोमशी वाद झाल्यावर दुसरा सुधारलेला. आज पुष्कळ अभ्यासक हे मानतात, आणि मलाही ते पटते. याचा अर्थ असा की पेत्राचे आसन हे शब्द सिप्रियनने मनापासून लिहिले होते. पण ते आसन त्याच्या दृष्टीने प्रत्येक खऱ्या बिशपाचे होते, आणि रोमने त्याच शब्दांतून स्वतःपुरता अर्थ काढला तेव्हा त्याने वाक्य बदलले.

तो वाद बाप्तिस्म्याचा होता. फुटून निघालेल्यांकडे बाप्तिस्मा झालेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यावा, असे सिप्रियन म्हणे. रोमचा बिशप स्टीफन म्हणे की देऊ नये, फक्त हात ठेवावेत, परंपरेने आले त्यात नवे काही घालू नये. स्टीफनने आपण पेत्राच्या जागी आहोत असा आधार घेतला, हे आपल्याला त्याच्या विरोधकांच्या पत्रांतूनच कळते. १ सप्टेंबर २५६ रोजी कार्थेजला भरलेल्या सभेत ८७ बिशपांपुढे सिप्रियन म्हणाला की आमच्यातला कोणीही स्वतःला बिशपांचा बिशप करून घेत नाही. आमच्या बाजूची मुले हे वाक्य आनंदाने पाठवतात. पण मूळ प्रश्नावर पुढे पश्चिमेच्या मंडळीने स्टीफनचे म्हणणे स्वीकारले, सिप्रियनचे नाही. आणि यंदा सोयरीक ठरताना फादरांनी माझ्या भाच्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगितले नाही, त्यामागे तोच जुना निर्णय आहे. रोमने अधिकाराचा दावा वाढवून केला आणि मुद्द्यावर रोमच बरोबर होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले.

पुढचा इतिहास वेगाने बदलतो. ४५१ साली खल्कदोनच्या परिषदेत रोमचा बिशप लिओ याचे पत्र वाचल्यावर ‘पेत्र लिओद्वारे बोलला’ असा घोष झाला, आणि त्याच परिषदेने रोमला मान मिळाला तो राजधानी असल्यामुळे असे म्हणून नव्या रोमला, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलला, त्याखालोखाल मान दिला, जो नियम लिओने नाकारला. सहाव्या शतकाच्या अखेरीस रोमचा बिशप ग्रेगरी याने ‘वैश्विक’ ही पदवी स्वतःसाठीही नको म्हटले. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला सत्ता दान दिली असे सांगणारा दस्तऐवज आठव्या शतकात बनवलेला होता, आणि तो बनावट असल्याचे लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन विद्वानाने १४४० साली भाषेच्या पुराव्यावरून उघड केले. १८ जुलै १८७० रोजी व्हॅटिकनमध्ये ५३३ विरुद्ध २ मतांनी पोपची साऱ्या मंडळीवरची थेट सत्ता आणि श्रद्धा व नीतीच्या अंतिम घोषणेतले अप्रमादित्व, म्हणजे त्यात चूक होऊ शकत नाही, हे विश्वासाचे कलम ठरले.

कॅथलिक बाजूचे सर्वांत विचारी उत्तर इंग्रज धर्मपंडित जॉन हेन्री न्यूमन यांनी १८४५ साली मांडले: शिकवण बीजासारखी वाढते, म्हणून बीजात झाड शोधू नये. मी संत्र्याचा शेतकरी असल्यामुळे हा दाखला मी माझ्या बागेत नेऊन पाहतो. आमचे संत्र्याचे झाड बियाण्यातून आलेले नसते. जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरलेला असतो, आणि वीस वर्षांच्या झाडावरही बुंध्याशी बसून पाहिले तर तो जोड हाताला लागतो. झाड एकच असते, रस एकाच मुळातून चढतो, पण वरची फांदी खालच्या खुंटाची नव्हे. क्लेमेंतच्या पत्रापासून १८७० पर्यंत रस चढला आहे, हे मी मानतो; पेत्राची आठवण, दोन प्रेषितांचे रक्त जिथे सांडले त्या नगराचा मान, अडलेल्या मंडळीला लिहिण्याची जबाबदारी, हे सगळे मुळात आहे. एका माणसाची साऱ्यांवरची थेट सत्ता मात्र मला जोडाच्या वर दिसते.

हे सगळे मी मागच्या आठवड्यात मावशीच्या ओट्यावर बसून तिला सांगितले. तिने वाद घातला नाही. तिला त्या पत्राचा शेवट ऐकायचा होता. शेवटी रोमच्या मंडळीने लिहिले आहे की तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत आमच्यात निर्दोष राहिलेली विश्वासू माणसे आम्ही पाठवली आहेत, ती तुमच्या आणि आमच्यामध्ये साक्षीदार असतील. त्यांची नावेही आहेत: क्लौद्य एफेबस, वलेरियस बितो, आणि त्यांच्यासोबत फर्तूनात. त्यांना लवकर, शांतीने आणि आनंदाने परत पाठवा, म्हणजे तुमच्यात समेट झाल्याची बातमी आम्हाला लवकर कळेल, अशी विनंती आहे. मावशीला आमच्या ओसरीवर राहिलेले ते तीन म्हातारे आठवले. त्यांच्यासाठी भाकरी तिने आणि आईने मिळून थापल्या होत्या.

“मंग थे परत गेले का?” तिने विचारले.

मी चाळीस पाने उलटून युसेबियसने जपून ठेवलेला एक उतारा काढला. त्या पत्रानंतर सुमारे पंचाहत्तर वर्षांनी करिंथचा बिशप दियोनिसियस रोमला लिहितो की आज आम्ही प्रभूचा पवित्र दिवस पाळला आणि त्यात तुमचे पत्र वाचले. बोध घेण्यासाठी आम्ही ते नेहमी वाचत राहू, जसे आधी क्लेमेंतच्या हातून आम्हाला लिहिलेले पत्र वाचतो.